आरंभ आणि स्मरण : मजकूर-संपादकाच्या प्रारंभ-वर्तनाची मराठी लेखकाच्या बाजूने समीक्षा

बीजसंज्ञा : मजकूर-संपादक, प्रारंभ-मांडणी, सत्र, युनिकोड, इनस्क्रिप्ट, पुष्पिका

प्रस्तावना

संगणकावरील मराठी लेखनाविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात जी चर्चा होते ती बहुधा फाँटपासून सुरू होते आणि कळफलकापाशी येऊन थांबते. कोणता फाँट वापरावा, इनस्क्रिप्ट शिकावा की रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारी सोय पुरेशी मानावी, युनिकोडचा आग्रह किती धरावा, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याही आधी येणारा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. लेखनाचे साधन उघडले असता ते लेखकापुढे प्रथम काय ठेवते, आणि लेखक उठून गेल्यावर त्याच्याविषयी काय लक्षात ठेवते? प्रस्तुत लेखात मजकूर-संपादक या साधनाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मजकूर-संपादक म्हणजे केवळ अक्षरे साठवणारे साधन. ठळक-तिरपी अक्षरे, समास, रंग यांची दखल ते घेत नाही. नोटपॅड, नोटपॅड प्लस प्लस, विम, इमॅक्स ही त्यांतील परिचित नावे होत. ही साधने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची. मराठीच्या अभ्यासकाला त्यांचे काय काम, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्या कपाटांतील जुन्या सीडींमध्ये आहे. १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती इत्यादी प्रणालींच्या फाँटांत जुळवलेले कितीतरी मजकूर आज फाइल म्हणून शाबूत आहेत. मात्र तो विशिष्ट फाँट नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ तेवढा दिसतो. ओव्यांची संकलने, बोलींचे शब्दसंग्रह, प्रबंधांच्या जोडपत्रांतील मुलाखती अशा रीतीने डोळ्यांदेखत मुक्या झाल्या आहेत. आपले संकलन तीस वर्षांनंतरही वाचले जावे असे ज्याला वाटते त्याने युनिकोडमधील साध्या मजकुराकडे वळावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिकडे वळलेल्या माणसाचे स्वागत कसे होते, हा या लेखाचा विषय आहे.

'संपादक' या शब्दाविषयी

इंग्रजीतील मूळ संज्ञेचे आपण 'संपादक' असे सरळ भाषांतर केले आणि एका जुन्या, मानाच्या शब्दावर नवा अर्थ येऊन बसला. कराडच्या माणसाला हा शब्द ऐकून पहिल्याने आठवावे ते गोपाळ गणेश आगरकर. कराडजवळच्या टेंभू या गावी १८५६ साली जन्मलेले आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक होते, आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. 'सुधारक' द्वैभाषिक होता. त्याच्या इंग्रजी विभागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे होती. म्हणजे दोन भाषांसाठी दोन हात होते. याच जिल्ह्यात वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व केले. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. अशा संपादकाकडे लेखक दुसऱ्यांदा गेला म्हणजे तो कोण, कोणत्या विषयाचा, कोणत्या भाषेत लिहिणारा, हे त्याला पुन्हा सांगावे लागत नसे. संपादकाचे काम तेथूनच सुरू होत असे.

यंत्रातील संपादकाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तथापि ज्या गोष्टी तो सहज लक्षात ठेवू शकतो, किंबहुना ज्या लक्षात ठेवण्याची सोय त्याच्यात आहे, त्यांपैकी कोणत्या तो ठेवतो आणि कोणत्या सोडतो, हे तपासणे समीक्षेच्या कक्षेत येते. कारण ही निवड कोणीतरी केलेली असते. ती यंत्राची प्रकृती नव्हे.

पोथीचा माथा आणि पोथीचा शेवट

मराठी पान पूर्वी कधी कोरे सुरू होत नसे. पोथीच्या माथ्यावर 'श्रीगणेशाय नमः', पत्राच्या आणि जमाखर्चाच्या वहीच्या माथ्यावर 'श्री', पुढे गाव आणि मिती, ही आपल्या लेखनाची प्रारंभ-मांडणी होती. तिच्यातील श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी तिचे एक व्यावहारिक कार्य उरते. लेखणी चालते की नाही, शाई किती दाट आहे, हात कोणत्या वळणाचा आहे, आणि मुख्य म्हणजे पुढचा मजकूर कोणत्या लिपीत यावयाचा आहे, हे त्या पहिल्या दोन-तीन शब्दांत निश्चित होत असे. ती ठराविक खरी, परंतु लेखनिक ती प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने लिहीत असल्यामुळे ती त्याच्या नजरेआड होत नसे.

पोथीच्या शेवटी पुष्पिका येई. शक, संवत्सर, मास, तिथी, वार, स्थळ, लेखनिकाचे नाव, कोणासाठी नक्कल केली त्याचे नाव, आणि पुष्कळदा मूळ प्रतीत जसे दिसले तसेच लिहिले, दोष असल्यास मला लावू नये, अशी विनंती. आजच्या परिभाषेत ही सत्राची नोंद झाली. हस्तलिखितांचे अभ्यासक पुष्पिकेवर किती विसंबून असतात हे सांगावयास नको. पोथीचा काळ आणि परंपरा ठरविताना ती प्रथम पाहिली जाते. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की ही नोंद मजकुराच्या अंगावरच असे. जो पोथी वाचेल तो पुष्पिकाही वाचेल.

मजकूर-संपादकाने या दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत, मात्र मजकुरापासून वेगळ्या काढून. आरंभाच्या सूचना एका फाइलीत असतात, सत्राची आठवण दुसऱ्या. विम आणि इमॅक्स यांच्याबाबतीत या फाइलींच्या नावांच्या आरंभी रूढीने टिंब असते, आणि युनिक्स परंपरेत टिंबाने सुरू होणारे नाव साध्या यादीत दिसत नाही. लेखकाविषयी जे काही लक्षात ठेवले आहे ते त्यालाच सहजी दिसू नये, ही व्यवस्था सोयीची असेल, निरागस नाही. (सत्र हा शब्द आपण महाविद्यालयीन सहामाहीसाठीही वापरतो. तेथेही नोंदवही अध्यापकाजवळच असते.)

पहिले पान : तीन नमुने

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. विम हा ब्राम मोलेनार यांचा. १९९१ साली तो प्रथम इतरांसाठी खुला झाला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत मोलेनार त्याची देखभाल करीत राहिले. फाइलीचे नाव न देता विम उघडला असता मधोमध काही ओळी दिसतात : नाव, आवृत्ती, कर्त्याचे नाव, हा प्रोग्रॅम मुक्त असल्याची सूचना, आणि पुष्कळ वेळा युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याची विनंती. मोलेनार यांनी १९९४ च्या सुमारास युगांडात स्वयंसेवक म्हणून काम केले होते व पुढे तेथील किबाले या गावच्या बालकेंद्रासाठी ते निधी जमवीत राहिले. लिहावयास बसलेल्या माणसाला अगदी पहिल्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या मुलांची आठवण करून देणारे साधन क्वचितच असेल. ही ओळ पोथीच्या नमनाच्या जागी आहे आणि नमनाचेच काम करते, असे म्हणण्याचा मोह होतो. लेखक पहिली कळ दाबतो आणि ती नाहीशी होते.

इमॅक्सचे पहिले पान वेगळ्या स्वभावाचे. स्वागताचा पडदा बंद केला की समोर येते ते कच्चे पान. या पानावर एक टीप असते. तिचा आशय असा की येथे लिहिलेले जतन होणार नाही. टीप खरी आहे. या पानावर कोणी तीन तास लिहिले आणि इमॅक्स बंद केला तर इमॅक्स 'जतन करू का' असे विचारतही नाही. रिचर्ड स्टॉलमन यांचा हा संपादक १९८० च्या दशकाच्या मध्याचा. त्या काळच्या प्रोग्रॅम-लेखकाला असे फळ्यासारखे पान हवे होते हे समजू शकते. परंतु साधनाचा पहिला शब्दच 'हे टिकणार नाही' असा असावा, आणि तोही ज्याला ती भाषा सफाईने वाचता येत नाही अशा लेखकासमोर इंग्रजीत असावा, यात जोखीम आहे. सुदैवाने ही टीप बदलता येते. प्रारंभ-फाइलीत एक ओळ लिहून तिच्या जागी हवा तो मजकूर ठेवता येतो, किंवा कच्च्या पानाऐवजी थेट एखादी फाइल उघडावयास सांगता येते.

नोटपॅड काहीच म्हणत नाही. नोटपॅडच्या या मौनाला मराठी लेखकाने पुष्कळ किंमत मोजली आहे. २०१९ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये नवी फाइल जतन करताना गृहीत धरलेली संकेतप्रणाली जुनी, रोमन लिपीच्या कुटुंबातील होती. देवनागरी मजकूर तिच्यात मावत नसे. नोटपॅड एक इशारा देई खरा. पण तो न वाचता ज्याने होकाराचे बटण दाबले त्याच्या मजकुरात दुसऱ्या दिवशी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी असे. ती प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत. २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून गृहीत प्रणाली यूटीएफ-८ झाली आणि हा अपघात थांबला. देवनागरीचा विभाग युनिकोडमध्ये १९९१ पासून होता, म्हणजे तांत्रिक पाया घातला गेल्यावर सर्वांत सामान्य संपादकाचे गृहीतक बदलण्यास २८ वर्षे लागली. त्या अवधीत एक सोपा पर्याय जतन करण्याच्या चौकटीत होताच, हे कबूल केले पाहिजे. परंतु ज्याचा पर्याय गृहीत नाही त्याला तो प्रत्येक वेळी आठवणीने निवडावा लागतो, आणि माणूस एकदा तरी विसरतोच.

नोटपॅडची एक जुनी सोय मात्र गोड आहे. फाइलीच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन रोमन मोठ्या अक्षरांत 'लॉग' हा शब्द लिहिला, तर ती फाइल उघडताच शेवटी त्या दिवसाची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. पत्राच्या माथ्यावरील मितीशी याचे नाते आहे. दैनंदिनी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रस्तुत लेखक ही युक्ती आवर्जून दाखवतो.

'कऱ्हाड' हा शब्द

आपल्या गावाचे नाव आज कराड असे लिहिले जाते. जुन्या कागदांत आणि पुस्तकांत ते कऱ्हाड असे आढळते. प्राचीन रूप करहाटक. या मधल्या रूपातील ऱ्ह हा मराठीचा खास अवयव असून मजकूर-संपादकाची परीक्षा घ्यावयाची झाल्यास याहून चांगला शब्द नाही.

युनिकोडमध्ये कऱ्हाड दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडला जातो. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सहा चिन्हे होतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते; एकूण चिन्हे सात. यूटीएफ-८ मध्ये यांतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने पहिले रूप १८ बाइटांचे आणि दुसरे २१ बाइटांचे होते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पण शोधाच्या चौकटीत एक रूप लिहिले असता साधा शोध दुसरे रूप दाखवीत नाही. आणि अदृश्य चिन्हे पुसून टाकणारी एखादी 'स्वच्छतेची' सोय फाइल उघडताना वा जतन करताना चालू असेल, तर दुसऱ्या रूपातील जोडचिन्ह जाते आणि उरतो तो ह वर रफार असलेला 'कर्हाड'. तशी रूपे महाजालावर पदोपदी भेटतात. लिहिणाऱ्याचे अज्ञान म्हणून आपण ती सोडून देतो. प्रत्येक ठिकाणी दोष लिहिणाऱ्याचाच असतो असे नाही.

आता हा शब्द इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहून पाहावा. ऱ हे अक्षर रोमन जे या कळीवर, वरच्या ओळीच्या कळीसह येते. साधा र त्याच कळीवर खाली. विममध्ये हीच कळ आज्ञेची आहे. लहान जे म्हणजे एक ओळ खाली जा, मोठा जे म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीला जोड. विमचा लेखक लिहिण्याची अवस्था आणि आज्ञेची अवस्था यांच्यात सतत येजा करीत असतो. संगणकाचा कळफलक इनस्क्रिप्टवर ठेवून त्याने लिहिले, मग आज्ञेच्या अवस्थेत येऊन खाली जाण्यासाठी कळ दाबली, की विमकडे पोहोचतो तो 'र'. विमला 'र' ही आज्ञा ठाऊक नाही. लेखक कळफलक रोमन करतो, खाली जातो, लिहिण्यासाठी पुन्हा मराठी करतो. एका परिच्छेदात हे वीस वेळा घडते. 'सुधारक'मध्ये ज्या कामाला दोन विद्वान होते ते येथे एका अंगठ्याच्या नशिबी येते.

यावर उपाय आहे, आणि तो प्रारंभ-मांडणीतच आहे. कळफलकाची अदलाबदल संगणकाकडे न ठेवता संपादकाकडे द्यावयाची. विममध्ये कीमॅप नावाची सोय असून ती फक्त लिहिण्याच्या अवस्थेत लागू होते. आज्ञा रोमनच राहतात. इमॅक्समध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट ही लेखनपद्धती अंगभूत आहे आणि कंट्रोल व उलटी तिरपी रेघ या कळींनी ती चालू-बंद होते. साधा मजकूर उघडताच ती आपोआप चालू व्हावी असे प्रारंभ-फाइलीत एका ओळीत सांगता येते. ज्याने ही ओळ एकदा लिहिली त्याच्या आयुष्यातील काही हजार कळदाब वाचतात. ती ओळ कोणी शिकवीत नाही, हे दुर्दैव. आपल्या संगणक-परिचयाच्या अभ्यासक्रमांत फाइल उघडणे, जतन करणे, छापणे येते. साधनाला आपली ओळख करून देणे येत नाही.

सत्र काय स्मरते

संपादक बंद करताना कोणत्या फाइली उघड्या होत्या, कोणत्या खिडकीत कोणती होती, कर्सर कोणत्या ओळीवर होता, हे जतन करण्याची सोय विम आणि इमॅक्स दोघांतही आहे. तपशिलात त्यांच्या स्वभावांतील अंतर दिसते.

इमॅक्समध्ये डेस्कटॉप नावाची योजना आहे. प्रत्येक फाइलीबाबत कोणते गुण लक्षात ठेवावयाचे याची एक यादी तिच्यात दिलेली असते. ओळी तोडाव्यात की नाही, ओळीची रुंदी, अक्षरावर अक्षर उमटवण्याची अवस्था, फाइलीची संकेतप्रणाली, टॅबची रुंदी, ओळीच्या शेवटी राहिलेल्या रिकाम्या जागा रंगवून दाखवाव्यात की नाही, असे बारीकसारीक तपशील या यादीत आहेत. लेखक कोणत्या लेखनपद्धतीने लिहीत होता, हे मात्र मूळ यादीत नाही. अर्थ असा की, काल रात्री मराठीत लिहीत असता अर्ध्या वाक्यात इमॅक्स बंद केला, आज सकाळी उघडला, तर फाइल तीच, जागा तीच, कर्सर त्याच अर्ध्या वाक्याच्या पुढे. आणि पहिली कळ दाबताच उमटते रोमन अक्षर. वाक्य आठवते, भाषा आठवत नाही.

ही उणीव कोणी हेतुतः ठेवली असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. यादी करणाऱ्याला रिकाम्या जागांचा त्रास रोज होत असावा, लेखनपद्धतीचा होत नसावा. ज्याचा कळफलक आणि ज्याची भाषा एकच आहे त्याला ही गोष्ट 'अवस्था' आहे असे जाणवतच नाही. रोमन हा तटस्थ आरंभ मानला जातो तो याच कारणाने. समीक्षेने बोट ठेवावे ते या गृहीतकावर, व्यक्तीवर नव्हे. त्यातही इमॅक्सच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की ती यादी उघडी आहे, वाचता येते, वाढवता येते, आणि आरंभी दिलेल्या ओळीने ही उणीव भरून निघते. ज्यांच्या याद्या दिसतच नाहीत अशा साधनांविषयी एवढेही म्हणता येत नाही.

विमचे वर्तन याबाबतीत सरस आहे. विमला सत्र जतन करावयास सांगितले असता तो एक साधी फाइल लिहितो. ती उघडून वाचता येते आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक आज्ञा असते. तिच्यात इतर स्थानिक गुणांबरोबर कीमॅपचाही उल्लेख असतो. पुष्पिकेचा गुण या फाइलीत थोडासा उतरला आहे असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय २०१० च्या ७.३ आवृत्तीपासून केलेले बदल उलटवण्याचा इतिहासही सत्रापलीकडे राखता येतो. काल खोडलेले वाक्य आज परत आणता येते. मूळ हस्तलिखितातील खोडाखोड पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना याचे मोल कळेल.

पण विमच्याही एका निर्णयावर आक्षेप घ्यावासा वाटतो. २०१६ च्या आठव्या आवृत्तीत नवख्यांसाठी सोयीच्या मांडणीची एक फाइल दिली गेली. तिच्यामुळे जुनी फाइल उघडताच कर्सर गेल्या वेळच्या जागी जातो. मात्र वापरणाऱ्याची स्वतःची प्रारंभ-फाइल सापडली की विम ही मांडणी वाचत नाही. आता आपला मराठी लेखक पाहा. त्याने धीर करून स्वतःच्या फाइलीत कीमॅपची एकच ओळ लिहिली, आणि त्याच क्षणी कर्सरची आठवण नाहीशी झाली. या दोन घटनांचा संबंध त्याला कोण सांगणार? मराठीमुळे काहीतरी बिघडले, असाच निष्कर्ष तो काढतो. ती सोयीची मांडणी आपल्या फाइलीतून आधी बोलावून घेणे हा उपाय एका ओळीचा आहे. पण तो ज्याला ठाऊक आहे त्यालाच.

स्मरणाची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून संपादकाने जितके अधिक लक्षात ठेवावे तितके चांगले, असा ग्रह होईल. तो बरोबर नाही.

२००५ च्या आसपासच्या भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी आपल्या भागात संगणकावर प्रबंध लिहिला त्यांना स्मरणाची पहिली बाजू ठाऊक आहे. वीज गेली की जतन न केलेले गेले. विम लिहिता लिहिता एक जोडफाइल भरीत राहतो. दोनशे अक्षरे टंकली गेली किंवा चार सेकंद हात थांबला की तिच्यात नोंद होते. इमॅक्स तीनशे कळदाबांनी किंवा सुमारे तीस सेकंदांच्या विरामाने हेच करतो. दोनशे चिन्हे म्हणजे मराठीचे सुमारे तीस शब्द. गेले तर तेवढेच जातात. यात तक्रारीला जागा नाही; वीज आल्यावर विम उघडताच येणारा लांबलचक इंग्रजी इशारा पाहून घाबरून ती जोडफाइलच पुसून टाकणारे विद्यार्थी मात्र प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत.

दुसरी बाजू सामाईक संगणकावर दिसते. अलीकडचे अनेक संपादक जतन न केलेली पानेही आपोआप राखून ठेवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा उघडतात. नोटपॅडमध्येही २०२३ पासून ही सोय आली. स्वतःच्या यंत्रावर ती वरदान आहे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या संगणककक्षात प्रस्तुत लेखक टिपणे घेण्यासाठी बसला असता, संपादक उघडताच आधी बसून गेलेल्या व्यक्तीचे पान समोर आले. ते एका मुलीने वडिलांना लिहिलेले पत्र होते. शिक्षण सोडण्यासंबंधीचे. दोन ओळी वाचून होईपर्यंत ते काय आहे हे कळले नाही आणि कळल्यावर पुढे वाचवले नाही. पान बंद करू लागताच संपादकाने विचारले : जतन करावयाचे काय? नाही म्हणावे तर त्या पत्राची एकमेव प्रत नष्ट होणार. हो म्हणावे तर ते सर्वांच्या यंत्रावर एखाद्या नावाने राहणार. तसेच सोडावे तर पुढे बसणारा ते वाचणार. चौथा पर्याय त्या चौकटीत नव्हता. शेवटी ते पान तसेच ठेवून टिपणे कागदावर घेतली आणि कक्षाच्या साहाय्यकास सांगून यंत्र बंद न करण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी ते यंत्र पुन्हा सुरू करून स्वच्छ केलेले होते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, सत्राची आठवण ही 'कोणाची' आठवण, हा प्रश्न या सोयीच्या रचनेत विचारलेलाच नाही. एक यंत्र म्हणजे एक लेखक, असे तिने गृहीत धरले आहे. एकेका संगणकावर दिवसाकाठी दहा-बारा जण बसतात, त्या आपल्या महाविद्यालयांतील, सायबर कॅफेंतील आणि टंकलेखनाच्या दुकानांतील वस्तुस्थिती या गृहीतकाच्या बाहेर राहते. कर्सर लक्षात ठेवणाऱ्या साधनाला भाषा आठवत नाही, आणि पत्र लक्षात ठेवणाऱ्या साधनाला ते कोणाचे हे आठवत नाही. पुष्पिकेत लेखनिकाचे नाव असे.

सामाईक यंत्रावर मागील सत्र उघडण्याची सोय बंद असावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. बहुतेक संपादकांत ती मांडणीच्या पानावर एका खुणेने बंद होते; नोटपॅडमध्येही प्रत्येक वेळी नवे सत्र सुरू करण्याचा पर्याय आहे, मात्र तो निवडल्यास जतन न केलेले टाकून दिले जाते. म्हणजे विद्यार्थ्याला आपली फाइल आपल्या नावाने, आपल्या पेनड्राइव्हवर जतन करण्याची सवय आधी लावावी लागेल. दोन्ही गोष्टी एकदम केल्या पाहिजेत. एकच केली तर कोणाचे तरी पत्र जाणार.

एक प्रयोग

विद्यार्थ्यांच्या सरावासाठी एका संगणकावर प्रस्तुत लेखकाने पुढील मांडणी करून पाहिली आहे. इमॅक्स उघडताच कच्च्या पानाऐवजी एक नवी फाइल उघडते. तिच्या माथ्यावर स्थळ म्हणून कराड आणि त्या दिवसाची तारीख असते, तिसऱ्या ओळीत लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव घालावयाचे असते. इनस्क्रिप्ट चालू असतो, संकेतप्रणाली यूटीएफ-८. मागील सत्र उघडत नाही. माथ्यावर 'श्री' असावे की नसावे यावर विद्यार्थ्यांत दोन तट पडले. तेव्हा ती ओळ रिकामी ठेवली आहे, ज्याला जे लिहावयाचे ते त्याने लिहावे.

ऱ्हचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जुन्या संकलनांच्या फाइली उघडताना कऱ्हाडची दोन्ही रूपे एकच करून घ्यावीत, म्हणजे शोध सोपा होईल, अशी सूचना एका विद्यार्थ्याने केली आणि प्रारंभ-फाइलीत तशी आज्ञा लिहूनही आणली. ती अद्याप लावलेली नाही. कोणत्या संकलकाने कोणत्या कळफलकावर, साधारण कोणत्या वर्षी लिहिले, याचा या फाइलींत उरलेला एकमेव पुरावा बऱ्याच वेळा तेवढाच आहे. तूर्त ती दोन्ही रूपे वेगवेगळी शोधावी लागतात.